गाडीतळावरचे खडूचे आकडे

सोलापूरच्या फलाटावर उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि गाडी लेट झाल्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं होतं. माझा विषय ऐकून लोक हसतात. मुंबईच्या एका संस्थेत मी रांगांच्या गणितावर संशोधन करते. माणसं किंवा गाड्या कुठे खोळंबल्या, तर सरासरी किती वेळ खोळंबतील, हे समीकरणं मांडून आणि कॉम्प्युटरला विचारून काढायचं. मला स्वतःला मात्र क्षणभर थांबता येत नाही. पोस्टात पुढे दोन माणसं दिसली तरी मी तिकिटं न घेता परत फिरते.

निघाले होते सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्यावर. तिथे उसाच्या बैलगाड्या वजनकाट्यापुढे तासन्‌तास उभ्या असतात. तोडणी कामगारांना मजुरी मिळते ती वजनावर. थांबण्याची काही मिळत नाही. आमच्या श्रम-अर्थशास्त्राच्या सरांना त्या वाया जाणाऱ्या वेळाचा हिशेब हवा होता आणि मला कागदावरची नव्हे तर खरी रांग हवी होती. सोमवारी कॉम्प्युटर आमच्या वाट्याला येणार होता, त्याआधी आकडे घेऊन परतायचं होतं.

एसटी स्टँडबाहेर एका बाईंनी "बर्री, कुंदर्री (या, बसा)" म्हणत बाकड्यावर जागा केली. कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. मी घाईने घास कोंबला आणि चटणीने डोळ्यांत पाणी आणलं.

"दमानं खावा की," बाई म्हणाल्या. "एसटी कुटं पळून जाती व्हय?"

मी अर्धी भाकरी टाकून पळाले. एसटी पुढचा तासभर जागची हलली नाही.

वाटेत मंद्रूपला बाजार होता. टोपल्या चढल्या, कोंबड्या चढल्या, ड्रायव्हर चहाला गेला. दोन्ही बाजूंना काळं सपाट रान आणि ज्वारी. शेजारच्या म्हातारबुवांनी मला विचारलं, "कुणी आजारी हाय का घरात?" माझी चुळबुळ पाहून त्यांना तसं वाटलं असावं.

कारखान्याच्या अलीकडेच मळीचा आंबूस वास नाकात शिरला. शेतकी अधिकारी सज्जन गृहस्थ निघाले. गाडीतळाच्या (गाड्या उभ्या करायच्या मैदानाच्या) तोंडाशी, कडुनिंबाखाली, त्यांनी मला टेबल-खुर्ची दिली. आत येणाऱ्या गाडीची वेळ मी टिपायची आणि काट्यावर ती पुन्हा ओळखू यावी म्हणून तिच्या लाकडावर खडूने आकडा घालायचा, अशी माझी पद्धत. "रांगेला मात्र हात लावू नका," मी त्यांना बजावलं, "मला ती जशी आहे तशी मोजायची आहे."

एरवी इथे गाडी सोडून जाता येत नाही. रांग पुढे सरकली की आपली गाडी ढकलावी लागते. गाडीवर कुणी नसलं की मागचा पुढे घुसतो. पण त्या दिवशी माझ्यापुढे गर्दी जमली आणि आकडा पडताच लोक बैल सोडून खुशाल पांगू लागले. मी लिहिण्यात गर्क होते. कौशल्या नावाची बीडकडची एक तरणी बाई म्हणाली, "बाई, लागला न्हवं नंबर? लेकरू कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) सासूपाशी हाय. पाजून येऊ का?" मी मान वर न करता "या की" म्हटलं.

ती परतली तेव्हा तिची गाडी कडेला ढकललेली होती आणि मागच्या कितीतरी गाड्या काट्यापाशी पोचल्या होत्या.

"बाई, तुमी नंबर दिला, म्हणून गेले की म्या," ती म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"अहो, तो माझ्या मोजणीचा आकडा होता."

तेवढ्यात तिचा नवरा बैलांना पाणी दाखवून आला. "आता बैल जुपू का नगं, तेवढं सांगा," तो म्हणाला. "ऊस वाळाय लागलाय. वजन घटतंय."

टेबल, खुर्ची, लिहिणारी बाई आणि खडू. हा नंबर नाही तर काय, असंच कुणालाही वाटलं असतं. मी तरातरा काट्यावर गेले.

"लाइन सोडली की पाळी गेली, मॅडम," कारकून शांतपणे म्हणाला. "हितं असंच चालतं." गाड्या खडूच्या आकड्यांप्रमाणे सोडा, म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडले. आवाज ऐकून अधिकारी आले.

"खडूच्या आकड्यांनी गाड्या सोडल्या, तर तुमची मोजणी बिघडेल ना?" त्यांनी विचारलं.

बिघडणारच होती. कारखान्याची रांग मोजायला आलेली मी, आता माझीच रांग मोजणार होते. जिवावर आलं, पण म्हटलं, "बिघडू दे."

"ठीक आहे. आज दिवस मावळेपर्यंत खडूचे आकडे चालतील," ते म्हणाले. "आणि तुमच्या अहवालात फरक दिसला, तर पुढच्या हंगामापासून नंबरच देऊ."

मग गाडीतळाचं रूपच पालटलं. कुणी गाडीखाली घोरत होतं, कुणी भाकरी थापत होतं, बायका कोपीवर जाऊन येत होत्या. वजन झाल्यावर कौशल्याने विचारलं, "उद्या बसनार का हितं?" मी तिच्या गाडीची वेळ वहीत टिपली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल परत केलं आणि काट्याच्या आडोशाला उभी राहून नेहमीची रांग मोजली. कौशल्या गाडीवर बसून होती. तिचं पोलकं दुधाने ओलं झालं होतं.

"आज नाही गेलात?"

"आज नंबर न्हाय की," ती म्हणाली आणि पदर पुढे ओढून घेतला. मला फार वाईट वाटलं. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही.

हॉस्टेलवरची माझी पदार्थविज्ञानवाली मैत्रीण सगळं ऐकून म्हणाली, "आमच्याकडेही मोजायला गेलं की कण जागचा हलतो. तुझ्या तर बैलगाड्या हलल्या." सोमवारी कार्डं पंच करून दोन्ही दिवस मशिनला दिले. उत्तर आलं: सरासरी थांबण्याचा वेळ दोन्ही दिवशी जवळजवळ सारखाच. बरोबरच होतं. काटा एकच आणि त्याचा वेगही तोच. पाळी कशीही लावली तरी एक पुढे गेला की दुसरा मागे राहणार. माणूस किती वेळ थांबला, एवढंच मी मशिनला विचारलं होतं. तो वेळ त्याने कुठे काढला, हे विचारायला कार्डावर रकानाच नव्हता.

"फरक नाही," सर म्हणाले. "तसं कळवून टाका."

मी अहवाल टाइप केला आणि शेवटी एक वाक्य घातलं: "तरीही गाड्यांना नंबर द्यावेत." सरांनी ते तांबड्या पेन्सिलीने खोडलं आणि समासात लिहिलं, "आधार काय?"

मी पान पुन्हा टाइप केलं. वाक्य तसंच ठेवलं आणि त्यापुढे आधार लिहिला: "नंबर होता त्या दिवशी कौशल्याबाई आपल्या बाळाला पाजून आल्या."