दीपमालाला कोण सोडतं?

आमच्या दीपमालासमोर नवी साडी नेसून जायचं म्हणजे वाघाचं काळीज पाहिजे. मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. नवरीची आई कौतुकानं सगळ्यांना शालू दाखवत होती, "हात लावीसन दखा, कसा भारी शे!" दीपमालानं हात लावला, पदर उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "काकी, इथं एक उभा धागा तुटलाय. काठापासून चार बोटं आत."

झालं! विहीणबाई जेवण होईस्तोवर माझ्याशी बोलल्या नाहीत. या बयेला लग्नात मीच आणलं होतं ना.

पण तिचा तरी काय दोष? धुळ्याच्या एमआयडीसीत आमचा कापडाचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकाचा, आमचा फक्त घाम. मागच्या शेडमध्ये यंत्रमाग खडखडतात आणि पुढच्या शेडमध्ये कापड तपासायची मशीन. तिरपी काच, काचेमागे ट्यूबलाइट, आणि वरून कोरं कापड सरसर खाली येतं. त्यापुढं दीपमाला. दोष दिसला की पायानं मशीन थांबवायची आणि लाल टिकली चिकटवायची. बोटभर दोषाला एक मार्क, हातभर दोषाला चार. मार्क वाढले की नापास होणारी परीक्षा जगात ही एकच असेल बघा! थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, पास झालं की माझ्याकडे घडीला येतं.

तिची नजर म्हणजे नजर नाही, सुई आहे. कापड बघून सांगते, "या सुताला खळ कमी लागली, म्हणून मागावर तुटतंय." तेलाचा डाग दिसला की म्हणते, "हा झुलालनानांच्या मागाचा." की तिकडे झुलालनाना तेलाची बुधली पाठीमागे लपवतात! लग्नसुद्धा राहिलं हिचं. मी म्हणते, आलेल्या प्रत्येक स्थळावर हिनं लाल टिकली लावली असणार.

हसते ती. पण चोपड्याचं नाव निघालं की तोंड काचेकडे फिरवते.

चोपड्याला तिची आई नर्मदाबाई एकटी राहते. डोळ्यांनी आता धड दिसत नाही. चहा करताना हात भाजून घेते. "धुळ्याला ये" म्हटलं तर म्हातारी घर सोडत नाही, आणि दीपमालानं नोकरी सोडली तर दोघींनी खायचं काय? अशात मालकानं चोपड्याजवळ दुसरा कारखाना काढला. दीपमाला तिकडची बदली मागायला धावतच आमच्या मॅनेजरकडे गेली. अभिमनभाऊ म्हणाले, "जा की! मी कुठं अडवतो? फक्त तुझ्यासारखी एक तयार करून दे."

कुलूप घालावं तर असं, साखरेचं!

एक पोरगी आली, तिचं डोकं दुखायला लागलं. दुसरी काचेच्या उजेडात पेंगायची. दीपमालानं दोघींना नापास केलं. मी म्हटलं, "अगं, जरा डोळेझाक कर आणि जा आईकडे." तर म्हणते, "अक्का, खराब थान हिच्या हातून गेलं तर?" जसं काही ते थान हिच्याच रुखवतात जाणार होतं.

मग आली सारिका. चटपटीत पोरगी. बघता बघता दीपमालाच्या जोडीनं दोष धरायला लागली. मी मनातल्या मनात दीपमालाची बॅगसुद्धा भरली. परीक्षेला दीपमालानं एक मुद्दाम वाईट थान लावलं. सारिकानं बारीकसारीक सगळं धरलं आणि तळहाताएवढी जाळी सोडून दिली! जाळी म्हणजे धागे एकमेकांत गुंफलेच जात नाहीत, सुटे लोंबत राहतात. मला चष्म्याशिवाय दिसली असती.

डबा खाताना दीपमालानं हळूच विचारलं, "सारिका, ती जाळी दिसली नाही?"

"दिसली ना ताई. सोडली."

"का गं?"

"तुमच्याकडं बघून. मी पास झाले तर मला कोण सोडंल? मला मागावर काम शिकायचंय. या काचेपुढं म्हातारं नाही व्हायचं."

भरीत-भाकरीचा घास मी परत डब्यात ठेवला.

सारिका पुढं म्हणाली, "तुम्हीबी सोडा एखादी, भाऊ समोर असताना. चुकणाऱ्याला कोणी धरून ठेवतं का?"

"सोड गं बाई!" मी म्हटलं. "डोळे मीट आणि पाय उचलून बस!"

दीपमाला डबा आवरायला लागली. डब्याचं झाकण मात्र तिला तीनदा लावावं लागलं.

दुपारी अभिमनभाऊ आले आणि मशीनशेजारी उभे राहिले. कापड सरकत होतं. आणि आली की जाळी, ही एवढी! दीपमालानं पाय खुर्चीखाली घेतला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. जाळी उजेडातून खाली आली, काच ओलांडून गेली. सारिकानं माझ्या दंडात नखं रुतवली. मी म्हटलं, गेली बाई, सुटली पोरगी! पण अभिमनभाऊ नेमके फोनवर, तोंड दाराकडे.

आणि मशीन थांबली. घरघर करत उलटी फिरली.

आवाजानं भाऊ वळले. जाळी परत काचेवर आली होती आणि दीपमाला तिच्यावर लाल टिकली चिकटवत होती.

"बघा!" भाऊ फोनवरच्या माणसाला म्हणाले, "गेलेला दोषसुद्धा मागं फिरवून आणते आमची बाई. हिला मी कुठं सोडू?"

मी सुट्टीत तिला चांगलं झापलं. "काय केलंस गं माय?"

"माले दखायनं ना, अक्का," ती म्हणाली. दिसलं ना, म्हणे! चिडली की ती आपल्या बोलीवर येते.

तेवढ्यात नर्मदाबाईंचा फोन आला. म्हातारी एवढ्या मोठ्यानं बोलते की मलाही ऐकू आलं, "तू कव्हय येशी वं?"

"येते आई. एक मुलगी तयार झाली की लगेच येते," दीपमाला म्हणाली आणि मान वळवून सारिकाला शोधायला लागली.

सारिका कधीच मागाच्या शेडमध्ये पळाली होती.