स्क्रीनमागची आंघोळ

खाटेच्या आडोशाला लावलेल्या कापडी स्क्रीनच्या पलीकडं रडारड सुरू झाली, तेव्हा म्हातारीचा साबण लावलेला हात माझ्या हातात होता. निम्मी आंघोळ राहिलेली. सोडून जाताही येईना.

हे खूळ माझ्या डोक्यात का शिरलं ते आधी सांगते. एकोणीसशे सत्तरच्या पुढचे दिवस. इराणमधल्या दवाखान्यांना नर्सेस हव्या होत्या. मी परभणीत नोकरीला, रजिस्टर्ड नर्स, म्हणजे पूर्ण कोर्स करून कौन्सिलकडं नाव नोंदलेली. मुंबईला इंटरव्ह्यूला गेले. तोंडी सगळं नीट झालं. मग तिथल्या गोऱ्या मॅट्रननं विचारलं, पेशंटला आंघोळ कोण घालतं? मी म्हणाले, नातेवाईक. खरंच होतं ते. आपल्याकडं सिस्टरनं औषध, इंजेक्शन, ड्रेसिंग बघायचं, धुणंपुसणं घरच्यांकडं. तिनं पलंगावर निजवलेल्या, सरावासाठीच्या माणसाएवढ्या पुतळ्याकडं बोट दाखवलं. याला स्पंज बाथ द्या. म्हणजे उठू न शकणाऱ्याला चादरीखाली निजवूनच धुवायचं, एकेक हातपाय उघडा करून. ट्रेनिंगमध्ये कधीतरी केलेलं. मी सगळी गादी भिजवून ठेवली.

महिन्यानं परत या, म्हणाली. त्यानंतर संधी नाही, हेही सांगितलं. घरच्यांशी भांडून मी पासपोर्ट काढला होता. नापास होऊन मानवतला माहेरी तोंड दाखवायची माझी तयारी नव्हती.

परभणीला आल्यावर आमच्या मॅट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ड्यूटी संपल्यावर करा काय करायचं ते. मी बोरीच्या केवळाबाईंना निवडलं. मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला. हाड सरळ जुळावं म्हणून पायाला वजन टांगतात, ते ट्रॅक्शन. म्हातारी हलू शकत नव्हती, माझी सोय झाली. तिला विचारलं, ती हो म्हणाली. सून कौसाबाई चहा आणायला गेटवर गेलेली. मी स्क्रीन ओढला, पांढरी चादर टाकली, तपेल्यात ऊन पाणी घेतलं.

आता बघा, आमच्या वॉर्डात स्क्रीन एकच. तो बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच लागायचा. आणि आडवं निजवून दुसऱ्यांनी आंघोळ घालायची, ती आमच्याकडं माणसाला एकदाच मिळते. कौसाबाईनं येऊन स्क्रीन पाहिला, खालून तपेलं पाहिलं, आणि तिथंच बसली.

“आत्याबाई, म्या चहा आणस्तोवर तरी थांबायचं वो.”

शेजारच्या खाटांवरच्या बायाही रडायला लागल्या. तेवढ्यात आतून केवळाबाई ओरडली, “आगं ए, मी जित्ती हाय. चहा निवंल, आण इकडं.”

कौसाबाई आत आली, सासूला नीट बघितलं, आणि रडणं थांबवून माझ्याकडं वळली. “आमी मेलाव का बाई? सून असताना परक्यानं आंग धुवायचं? गावात काय सांगू मी?”

गोंधळ ऐकून मॅट्रनबाई आल्या. म्हणाल्या, बंद करा हे, पुन्हा नको. माझा महिना तिथंच बुडाला असता. पण केवळाबाई म्हणाली, “धुऊ द्या तिला. लय दिवसानं पाठीला पाणी लागायलंय. फकस्त सिस्टर, तू बोलत ऱ्हा. मोठ्यानं. बाहीर कळू दे मी हाय म्हणून.”

मॅट्रनबाईंनी एक अट घातली, सून आत पाहिजे. मग रोजचंच झालं. कौसाबाई तपेलं धरायची, सासूला सावरायची. मी म्हणायची, आजी, आता डावा हात घेते. आजी वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणायची, “घे.” कौसाबाई म्हणायची, कानामागं राहिलं बाई. तिनं माझं काम पसंत केलं असं नाही, पण चुका काढता काढता शिकवलं.

मुंबईला दुसऱ्या खेपेला गादी कोरडी राहिली. मात्र तोंड बंद राहिलं नाही. आजी, आता पाठ घेते, असं मी त्या पुतळ्याला मराठीत सांगत होते, आणि “घे” साठी थांबतही होते. गोऱ्या मॅट्रननं विचारलं, काय बोलता? मी म्हणाले, पुढं काय करणार ते पेशंटला सांगते. ती म्हणाली, हे आज कुणी केलं नाही. खरं कारण सांगत बसले नाही. माझं सिलेक्शन झालं.

इराणमध्ये मी शेकडो स्पंज बाथ दिले. नव्या मुली विचारतात, त्यात अवघड काय असतं? मी सांगते, स्क्रीन लावायच्या आधी बाहेरच्या माणसाला सांगा की आत आंघोळ चाललीय. बाकीचं पुस्तकात आहे.