बाल्कनीतली नसरीन

दाभोळहून निघालो तेव्हा अब्बा एस.टी.पर्यंत सोडायला आले होते. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाले, "तो तरी ठेव इथं. तिकडं कामाला चाललायस, हौस करायला नाही." मी ठेवला नाही. गाडी सुटेपर्यंत ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

त्या हौसेनंच पोट भरलं. शारजात एका स्टुडिओत लागलो, लग्नानंतर नसरीनला घेऊन आलो. शहरातल्या रोला चौकाच्या मागं आमची पाच मजली इमारत. गोल कडांच्या बाल्कन्या, जिन्याला सिमेंटची जाळी, खाऱ्या हवेनं पोपडे धरलेला पिस्ता रंग. आमचा इरफान तिथंच लहानाचा मोठा झाला. शेजारच्या मल्याळी नर्सबाई त्याला सांभाळायच्या.

गेल्या वर्षी मालकानं इमारत रिकामी करायला सांगितली. पाडणार होते. त्याच सुमारास स्टुडिओला एका नव्या हॉटेलचं काम मिळालं. लॉबीत 'जुनं शारजा' लावायचं होतं. आमचा मॅनेजर म्हणाला, "भाई, पुराना ब्यूटी चाहिए. यल्ला, जल्दी करो, सब टूट रहा है."

आठवडाभर हिंडलो. गंजलेल्या पाट्या, रंग उडालेले दरवाजे टिपले. शेवटी आमच्याच इमारतीसमोर उभा राहिलो. उतरतं ऊन भिंतीवर पडलं होतं. नसरीन बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. मला बघून थांबली, डोळे बारीक करून खाली पाहत राहिली. तिचा इतका सुंदर फोटो मी कधीच काढला नव्हता.

आम्ही शेजारच्या अजमान शहरात फ्लॅट घेतला. नर्सबाई केरळला परतल्या, कायमच्या.

हॉटेल उघडल्यावर नसरीनला आणि इरफानला मुद्दाम घेऊन गेलो. भिंतभर आमची इमारत. पोपडे होते, उलट जरा उठावदार केलेले. कपडे, एसीचे डबे, नसरीन, सगळं मात्र पुसून टाकलेलं.

"आपलीच ना ही?" नसरीननं विचारलं. "मग मी कुठाय?"

"दे क्लीन्ड इट अप, मॉम," इरफान म्हणाला. "इट लुक्स बेटर."

मी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "हबीबी, क्लायंट को क्लीन चाहिए था. खलास."

नसरीन भिंतीजवळ जाऊन इरफानला स्वयंपाकघराची खिडकी दाखवू लागली. तेवढ्यात एका पाहुण्या बाईनं मोबाइल वर धरला आणि हसून तिला हातानं बाजूला व्हायची खूण केली. नसरीन 'सॉरी' म्हणून बाजूला झाली.

अब्बा आता नाहीत. दाभोळला गेलो की भाऊ आमच्यासाठी पाहुण्यांची खोली उघडतो, वहिनी नवी चादर काढते. त्यांचं काही चुकत नाही. फोनवर तुम्ही गावाकडचे सगळे विचारता, "घरी सगळं ठीक ना?" मी "हो" म्हणतो. कुठल्या घराचं विचारताय, ते विचारायचं मी सोडून दिलंय.