शोवा २० सालची मुलगी

मंडळी, आज इथल्या नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये घडलं ते डोक्यातून जात नाहीये. तिथलं सॉफ्टवेअर मी सांभाळतो.

जपानी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवा २० म्हणजे १९४५. माझ्या प्रोग्रॅमने नुसतं २० वाचलं आणि २०२० धरलं. झालं, ऐंशीच्या एका जपानी आजींना लहान मुलांच्या लसीचा मेसेज गेला: "आईला सोबत आणा."

आजी आल्या. मी माफी मागायला पुढे झालो, तर त्यांनी पर्समधून एका तरुण बाईचा जुना फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"ही मी जन्मले त्याच वर्षी गेली," त्या म्हणाल्या. "आजवर तिला कुणी कुठे बोलावलंच नव्हतं."

बग दुपारीच काढला. आजींचं वय आता बरोबर दिसतंय. तो मेसेज मात्र रेकॉर्डमधून पुसायला हात धजत नाही.

तुम्ही पुसला असता?