पाचवीच्या दिवशी नरसम्मा मावशी नाही म्हणाल्या

गेल्या रविवारी भावाच्या बाळाला बघायला सोलापूरला गेले होते. दार उघडलं आणि वेखंड, ओवा, धुरीचा तो वास आला... मी क्षणभर दारातच उभी राहिले.

दहा वर्षांपूर्वी याच घरात, याच खोलीत मी बाळंतीण होते. थंडीचे दिवस होते. आई पहाटे उठून डिंकाचे लाडू वळायची, बाबा माझ्यासाठी गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवायचे... इतके लाड नंतर कधी झाले नाहीत.

माझी सई म्हणजे घरादाराचं कौतुक. रडायचीच नाही! चार-चार तास झोपायची. दुधाला घेतलं की दोन घोट प्यायची आणि डोळे मिटायची. "किती गुणी आहे," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मीही मनातून खूश होते. टाके दुखत होते, झोप मिळत होती... आणखी काय हवं?

थोडी पिवळी दिसत होती. "कोवळं ऊन दाखवा, जाईल," असं सगळेच म्हणाले. म्हणून रोज सकाळी बाबा तिला मांडीवर घेऊन गच्चीत बसायचे.

आंघोळ घालायला नरसम्मा मावशी यायच्या. शहराच्या पूर्व भागात राहायच्या, घरात तेलुगू बोलायच्या, नवरा यंत्रमागावर कामाला. आमच्या गल्लीतली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली.

त्या दिवशी संध्याकाळी पाचवीची पूजा होती. अकलूजहून सासूबाई निघाल्या होत्या. आईची सकाळपासून नुसती धावपळ.

मावशींनी पाय पसरले, सईला पायांवर घेतलं, तेलाचा हात फिरवला... आणि थांबल्या. तिचा हात उचलून सोडला. तो तसाच खाली पडला. तळव्याला टिचकी मारली. सईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. मग मावशींनी तिचे तळपाय खिडकीच्या उजेडात धरले. तेही पिवळे झाले होते.

"कालपासून किती वेळा ओलं केलं हिनं?" त्यांनी मला विचारलं.

मी आठवायला लागले... दोनदा. तेही गडद पिवळं.

मावशींनी तिला दुपट्यात गुंडाळलं. "मी आज पाणी घालत नाय. दवाखान्यात न्या हिला. आत्ता."

आई चिडली. "अगं, लहान बाळं झोपतातच. संध्याकाळी पूजा आहे, पाहुणे येतायत. उद्या दाखवू की."

"उद्या नको वैनी. काल हातपाय आखडून घेत होती, आज लई ढिल्ली पडलीय. गुणी नाय ही, दमलीय."

आईने हातातलं पूजेचं ताट हळूच खाली ठेवलं. तेलाच्या हातांनीच मावशी कोपऱ्यावर जाऊन रिक्षा घेऊन आल्या.

डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं आणि तिला थेट अ‍ॅडमिट करून घेतलं. कावीळ खूप वाढली होती, शिवाय इन्फेक्शनही होतं. "बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, लघवी कमी झाली... यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ताप आला, अंग गार पडलं, श्वास भरभर चालला, तरी तेच. आणि इतकी कावीळ उन्हाने उतरत नसते." ते रागावले नाहीत. पण माझी मान वर होईना.

आठ दिवस सई काचेच्या पेटीत होती. डोळ्यांवर पट्टी, वर निळे दिवे. सासूबाई अकलूजहून थेट हॉस्पिटलमध्येच आल्या, पूजेच्या सामानाची पिशवी हातात तशीच. "पूजा होईल गं कधीही," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

नवव्या दिवशी घरी आलो. दुसऱ्या दिवशी मावशींनी पहिला तांब्या अंगावर घातला आणि सईने असा टाहो फोडला की समोरच्या घरातल्या काकू धावत आल्या! आई न्हाणीच्या दारात उभी राहून रडत होती, हसत होती...

हे सगळं त्या रविवारी वहिनीला सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांसकट. आणि संध्याकाळी सईला घेऊन मावशींच्या घरी गेले. गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलंय. सईकडे बघून खूप हसल्या आणि शेजारी बसलेल्या नातीला तेलुगूत बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या.

नातीने मला ते मराठीत सांगितलं, "आजी म्हणतेय, त्या दिवशी घरी आल्यावर तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तिला वाटत होतं, आपलं चुकलं असलं तर? ऐन पूजेच्या दिवशी तान्हं पोर घराबाहेर काढायला लावलं म्हणून तुमच्या गल्लीत परत कुणी कामाला बोलावणार नाही."

दहा वर्षं मला वाटत होतं, मावशींना सगळं कळलं होतं, खात्री होती... खात्री नव्हतीच. नुसती शंका होती. आणि त्या शंकेवर त्यांनी आपलं काम पणाला लावलं होतं.

घरात तान्हं बाळ असेल तर एवढंच सांगते... शंका आली की दाखवून या. फार तर डॉक्टर म्हणतील, काही नाही, घरी जा.

नरसम्मा मावशी खात्री होईपर्यंत थांबल्या नाहीत, म्हणून माझी सई आहे.