दाजींचा न मोडणारा एक्सल

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पंपाच्या कारखान्यात लेथवर टर्नर आहेत. पण रविवारी जमणारे जुन्या गाड्यांचे वेडे त्यांना 'डॉक्टर' म्हणतात. ताईने इस्पितळात बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, तिला मात्र कुणी डॉक्टर म्हटलं नाही. हे मी दाजींना तोंडावर ऐकवलंय, म्हणून मी त्यांची नावडती मेहुणी.

गाडी म्हणजे दोन सीटची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्स कार. आत बसताना आधी गुडघे दुमडायचे, मग मान, मग अभिमान. दिसायला देखणी, हे मीही नाकारत नाही. पण चांगलं चालणारं काही दिसलं की दाजींचे हात शिवशिवतात. त्यांनी मूळचं इंजिन काढून मोठ्या गाडीचं बसवलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सल तसाच ठेवला, छोट्या इंजिनाच्या बेताचा, नाजूक.

व्हायचं तेच झालं. इस्पितळात ताईचा सत्कार होता. चढावर दाजींनी जोर दाखवायला ॲक्सिलरेटर दाबला आणि मागे कडाड् झालं. एक्सलचा दांडा तुटला. सत्कारमूर्ती दुधाच्या टेम्पोत उभी राहून पोचली, तेव्हा खुर्च्या उचलत होते. घरी आल्यावर ताई एवढंच म्हणाली, "न मोडणारा बसवाल तेव्हा सांगा. तोवर तुम्ही आणि तुमची गाडी."

दुसरा कुणी असता तर त्याने मोठं इंजिन काढलं असतं. दाजींनी मालवाहू व्हॅनचा एक्सल आणला. हत्ती बसवला तरी वाकणार नाही असला! दोन्ही बाजूंनी कापून आखूड केला, आतले दांडे स्वतः लेथवर केले, वेल्डिंग केलं. चार वर्षांचे रविवार त्यात गेले. वेल्डिंग सुरेख होतं, खोटं कशाला बोलू!

त्या मंडळींचा एक रिवाज आहे. दुसऱ्याच्या गाडीखाली आडवं व्हायचं, टॉर्च फिरवायचा आणि बाहेर येऊन "वा!" म्हणायचं. सगळे म्हणाले. एक निवृत्त बस ड्रायव्हर तेवढा म्हणाला नाही.

"डॉक्टर, दणकट आहे, पण जड आहे हो," तो म्हणाला. "हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली आलं. खड्ड्यात चाक उडालं की लवकर जमिनीला लागायचं नाही."

"मग खड्ड्यातून जायचंच कशाला?" दाजी म्हणाले, आणि शास्त्रार्थ संपला.

पुढे कित्येक महिने दाजी एकटेच गाडी फिरवत होते. खड्डा आला की गाडीचं बूड टुणकन उडायचं, दाजी म्हणायचे, "ताकद आहे!" वळणावर शेपूट जरा इकडेतिकडे व्हायचं, दाजी म्हणायचे, "जिवंत गाडी आहे!" माणसाने स्वतःच्या चुकीला किती लाडाची नावं द्यावीत!

मग ताईच्या नोकरीचा शेवटचा दिवस जवळ आला. दाजी माझ्याकडे आले, टोपी हातात धरून. "मेहुणीबाई, तुम्ही सांगून बघा ना. निरोपसमारंभाला मी नेतो तिला. एकदा बसली की झालं. तेवढ्याचसाठी तर केलं सगळं." आवाज असा झाला होता की मला त्या माणसाची पहिल्यांदाच कीव आली. मी ताईला गळ घातली. ती बसली.

मी मागून माझ्या स्कूटरवर होते. पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, आणि ऐन वळणात रस्ता खचलाय. ठप्प! असा आवाज आला, गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं गेलं, गाडी गर्रकन फिरली आणि गवतात माझ्याकडे तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंही नव्हतं, नशीब.

दाजी उतरले ते धावत मागे गेले, गवतात आडवे झाले आणि ओरडले, "मोडला नाही! अगं बघ, केसभर वाकला नाही!"

ताई उतरली. कपडे झटकले आणि माझ्या मागे स्कूटरवर बसली. "चल गं," म्हणाली. मला दाजींना बरंच काही म्हणायचं होतं. पैकी निम्मं म्हणूनच मी स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी बस ड्रायव्हर गाडीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. एक्सल चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आपटल्याची ताजी खूण होती. व्हॅनचा एक्सल जाडजूड, त्यामुळे वर हलायला जागाच थोडी. गाडी दबली आणि एक्सल चासीला टेकला, की स्प्रिंगचं काम संपलं. मग चाक रस्ता सोडतं आणि मागची बाजू निसटते.

"पण मी इतके महिने चालवली! कधी टेकला नाही," दाजी म्हणाले. आणि त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या सीटवर गेली.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगं, जरा गाडीत बसतेस का? न्यायची नाही कुठे. जागेवरच."

मी कपाळावर हात मारला. ताईने हात पुसले आणि जाऊन बसली. मीही गेले, न जाऊन सांगते कुणाला. दाजींनी बस ड्रायव्हरला स्वतःच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली गेले. बराच वेळ त्यांचे नुसते बूट दिसत होते.

"एक्सल आणि चासीमध्ये एक बोटसुद्धा जात नाही," खालून आवाज आला. मग, "सगळी मापं मी ही सीट रिकामी ठेवून घेतली गं. चार वर्षं. तुझ्यासाठी केली आणि वजनात तुलाच धरलं नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं.

"मग आता धरा," ती म्हणाली. "मला आजपासून ड्यूटी नाही."

ती उतरली नाही. दाजींनी खालून हात बाहेर काढून मोजपट्टी मागितली, आणि ती मी दिली.