पंधरा दिवसांची पॅसेंजर

आई बसमध्ये बसू शकत नाही. बस आमच्या पोलादनगरीतल्या पॉवर हाउसच्या चौकातून निघण्याआधीच तिला मळमळायला लागतं. जीप, टॅक्सी, भावाची नवी कार, सगळीकडे तेच. रेल्वेत मात्र तिला काहीही होत नाही. ती गँगमनची मुलगी. रुळांपासून वीस पावलांवरच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिची थोरली बहीणही तशीच, मळमळीसकट.

मावशी खाणीकडे जाणाऱ्या लाईनवर राहते. एक हॉल्ट, त्याच्यामागे एक तळं, तळ्यामागे तिचं गाव. पॅसेंजरने दीड तास. महामारीत पॅसेंजर बंद झाली. खनिजाच्या मालगाड्या चालूच राहिल्या. नंतर शाळा उघडल्या, बाजार उघडले, लग्नं पहिल्यासारखी दणक्यात व्हायला लागली. पॅसेंजर आली नाही. दोन बहिणी रोज फोनवर बोलत. व्हिडिओ कॉलसुद्धा करत, पण मावशी फोन मांडीवर ठेवून बोलायची. त्यामुळे या सगळ्या काळात आईने तिच्या घराचं छत पाहिलं, तिला नाही.

आईची मागणी एवढीच होती की बहीण भेटावी. पॅसेंजर परत यावी म्हणून स्थापन झालेल्या बाकी समितीची मागणी अकरा कलमी होती.

समिती सेक्टर 2 मध्ये, आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या अंगणात भरायची. अध्यक्ष त्या क्वार्टरचे मालक. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. उपाध्यक्ष पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, ते गोंदियाकडच्या शेतकरी घरातले. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करत असल्यामुळे अर्ज आणि बातम्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आई नुसती सदस्य होती, पण चहा तिच्या घरून जात असल्यामुळे तिचं मत वजनदार होतं.

बैठक 'जय भीम' आणि 'राम राम' झाल्यावर गार्डसाहेबांच्या शिट्टीने सुरू होई. विषय सोडून बोलणाऱ्याला ते लाल झेंडी दाखवत. झेंडी खरी होती, निवृत्तीच्या दिवशी कोणी परत मागितली नव्हती. पहिल्याच बैठकीत क्रेनवाल्या काकांना ती तीनदा दिसली.

"मी गाडीचंच बोलून राहिलो न, गार्डसाहेब!"

"तुम्ही तुमच्या साळ्याच्या गाडीचं बोलून राहिले."

"ते पण कावून घेतली त्यानं? पॅसेंजर नाई म्हणून. विषयातच हाये."

गार्डसाहेबांनी विचार केला आणि हिरवी झेंडी दाखवली. साळ्याची गाडी पुढे पंचवीस मिनिटं चालली.

इथलं कामकाज हिंदीत, म्हणून अर्ज मी हिंदीत लिहिला. विद्यार्थी, मजूर, भाजीवाल्या, दवाखान्यात जाणारे, सगळे त्यात होते. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमी दोघी कुठे हाओ याच्यात?" मी सांगितलं, अर्जात घरगुती बाब येत नाही.  अर्ज पाकिटात जाण्याआधी तिने समासात पेनने मराठीत लिहिलं: दोन बहिणी आहेत, त्यांना बस लागते. हे मला दोन महिन्यांनी कळलं. आम्ही पाठपुराव्यासाठी वरच्या कार्यालयात गेलो होतो आणि तिथल्या बाबूने फाईल उघडून पहिला प्रश्न विचारला, "ये दो बहनें कौन हैं?"

"एक मैं हूँ," आई म्हणाली. त्याने तिला खुर्ची दिली. आम्ही बाकीचे उभेच राहिलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी उत्तर आलं. पंधरा दिवस प्रायोगिक तत्त्वावर पॅसेंजर चालवण्यात येईल. प्रवाशांचा प्रतिसाद पाहून पुढील निर्णय घेतला जाईल. गार्डसाहेबांनी पत्र उभं राहून वाचलं. शिट्टी वाजवली. मग परत वाजवली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आतून ओरडल्या, "कुकर हाये का तुम्ही?"

प्रतिसाद दाखवायचा, हे ठरलं. गार्डसाहेबांनी तीन दिवस फोन केले. रेल्वेतून निवृत्त झालेले, रेल्वेत असलेले, त्यांच्या विधवा, सुना, व्याही. रुआबांधा, स्मृति नगर, सगळ्या सेक्टरांतले. क्रेनवाल्या काकांनी प्लांटमधले लोक आणले. पहिल्या सकाळी रुआबांध्याच्या पलीकडच्या आमच्या छोट्या स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा होत्या, ढोलकी होती. नारळ फोडायचा की नाही यावर मतभेद होता. काका म्हणत, इंजिनापुढे फुटलाच पाहिजे. गार्डसाहेब म्हणत, इंजिन डिझेलवर चालते, नारळावर नाही. शेवटी नारळ प्लॅटफॉर्मच्या नळाजवळ फुटला आणि खोबरं दोन्ही पक्षांनी खाल्लं.

गाडी आली तेव्हा लोकांनी ज्या आवाजात तिचं स्वागत केलं, तो मी बातमीत 'जल्लोष' असा लिहिला. तो शब्द कमी पडला. एक निवृत्त पॉइंट्समन डब्याच्या दाराला हात लावून नुसता हसत होता. दोन बायकांनी डब्यात चढून लगेच जेवणाचे डबे उघडले, कारण गाडीत बसलं की भूक लागते आणि ही भूक त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवली होती. कोणीतरी खिडकी उघडताना बोट चेपून घेतलं आणि तेही आनंदाने सगळ्यांना दाखवलं.

तरुण टीटी आला. तिकिटं विचारायला लागला.

"स्टाफ," गार्डसाहेब म्हणाले.

"स्टाफ," शेजारचे म्हणाले.

"स्टाफ की बेवा," एक आजी म्हणाली.

"प्लांट स्टाफ," क्रेनवाले काका म्हणाले.

"प्लांट का स्टाफ यहाँ नहीं चलता, अंकल."

"अरे, तेरी पटरी का लोहा हमने ढोया है, बेटा!"

डबा हसला. टीटीही हसला. आईने सांगितलं की ती गँगमनची पोरगी आहे, आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. रेल्वेच्या घरात तिकीट काढणं म्हणजे स्वतःच्या विहिरीवर पाणी विकत घेणं, अशी आमच्याकडची समजूत. 'स्टाफ' हा शब्द या लाईनवर सासऱ्याकडून सुनेकडे आणि काकाकडून पुतण्याकडे येतो. टीटीने पुढच्या डब्यात जाऊन पाहिलं. तिथेही स्टाफच होता. तो परत येऊन आमच्याकडे चहा पीत बसला. मीही तिकीट काढलं नव्हतं. माझ्याकडे प्रेसचं कार्ड होतं, जे रेल्वेत कुठेच चालत नाही.

हॉल्टवर गाडी एक मिनिट थांबते. मावशी छत्री घेऊन अगदी टोकाला उभी होती. जुन्या गाडीचा शेवटचा डबा तिथे लागायचा. ही गाडी लहान होती, शेवटचा डबा बराच अलीकडे थांबला. आई उतरली. दोघी एकमेकींकडे निघाल्या. धावल्या असं लिहिता येणार नाही, दोघींचे गुडघे तसे नाहीत. पण छत्री वाटेत पडली आणि ती उचलायला कोणी थांबलं नाही.

"किती जाडी झाली व तू!" मावशी म्हणाली.

"आन् तुले चष्मा कवा लागला, बाई?"

"दोन वर्सं झाले. व्हिडिओत दिसला नाई?"

"व्हिडिओत तुयं छत दिसते. मंगळुरी कौल फुटलं हाये एक, ते बदल."

गाडी खाणीपर्यंत जाऊन तीन तासांनी परत आली, तोवर दोघींनी मुंगवड्यांची आणि लाखोळीच्या डाळीची अदलाबदल केली होती आणि एका जुन्या भांडणाचा निकालही लावला होता. आई गाडीत चढली तेव्हा तिचे डोळे लाल होते. भांडण तिने जिंकलं होतं.

संध्याकाळी मी बातमीसाठी स्टेशनमास्तरांना आकडा विचारला. त्यांनी पाहून सांगितला. एकोणीस तिकिटं. त्यांतली अकरा मुलगी पाहायला निघालेल्या एका कुटुंबाची होती. त्यांना आंदोलनाची काहीच माहिती नव्हती आणि रेल्वे आपल्यासाठी ढोलकी का वाजवते आहे, हे त्यांना वाटेत दोनदा विचारावं लागलं होतं.

मी अंगणात जाऊन आकडा सांगितला.

"कसं शक्य हाये?" गार्डसाहेब म्हणाले. "गाडी तं खचाखच होती."

"कागदावर ती रिकामी गेली. प्रतिसाद तिकिटांवरून मोजणार आहेत."

 आई हातातली कपबशी धरून तशीच बसली. तिला आमच्यापेक्षा लवकर कळलं होतं. आपणच गाडी भरली आणि आपणच ती बंद पाडतो आहोत.

"मी सांगतलं होतं तुमाले, तिकीट काढत जा," काकू म्हणाल्या.

"कवा सांगतलं?"

"लग्न झालं तवापासून."

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब आयुष्यात पहिल्यांदा तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्यामागे आम्ही सगळे. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "कहाँ का?"

गार्डसाहेब मागे वळले. "हे मले विचारून राहिली, कुठे जाता! पस्तीस वर्सं या लाईनवर गाड्या नेल्या मी."

"सांगा तिले," आई म्हणाली. "तिले कसं मालूम?"

"अंकल, कहाँ का?"

"आखिरी स्टेशन का," ते म्हणाले. "वापसी भी." मग अतिशय हळू आवाजात, "दो सवारी."

तिकीट हातात आल्यावर त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि काकूंकडे दिलं. ते कुठे ठेवायचं असतं याची त्यांना कल्पना नव्हती. क्रेनवाल्या काकांनी साळ्याचंही तिकीट काढलं. साळा आपल्या गाडीने मागून येत होता.

गाडीत टीटी आला तो थेट चहाच्या आशेने. गार्डसाहेबांनी त्याला थांबवलं. "पहले टिकट देखो." "रहने दीजिए, अंकल." "देखो!" अख्ख्या डब्याने तिकिटं वर धरली. त्याला एकेक पाहावं लागलं. स्टाफच्या त्या विधवा आजीने तिकीट पुढे केलं आणि सवयीने म्हणाली, "स्टाफ." मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला आणि तीन जणींना तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. टीटी आमच्या डब्यातून सुटेपर्यंत दोन स्टेशनं गेली होती. चहा थंड झाला.

त्यानंतर तिकीट काढणं ही फॅशन झाली. लोक खिडकीवर एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणायला लागले. सकाळी शाळेचा एक मास्तर पोरांना तिकीट कसं वाचायचं ते शिकवत होता. भाजीवाल्यांनी टोपल्या परत गाडीत आणल्या. प्लांटमधली काही मुलं रात्रपाळी संपवून नुसती फिरायला येत आणि झोपून जात, त्यांना शेवटच्या स्टेशनवर हलवून उठवावं लागे. आकडा रोज वाढत होता. मी तो रोज छापत होते, विशेषणाशिवाय.

आई पंधरापैकी बारा दिवस गेली. रोज तीन तास. मावशीच्या छतावरचं मंगळुरी कौल तिसऱ्या दिवशी बदललं गेलं, आई खाली उभी राहून सांगत होती.

पंधरावा दिवस उजाडला आणि वरून काहीच कळलं नाही. गाडी उद्या आहे की नाही, हे स्टेशनमास्तरांनाही माहीत नव्हतं. डब्यात नेहमीपेक्षा जास्त गोंगाट होता. ज्यांना काळजी होती ते मोठ्याने बोलत होते. क्रेनवाल्या काकांनी एक विनोद चार वेळा सांगितला आणि चारही वेळा लोक हसले.

परतीच्या गाडीला मी आईला घ्यायला डब्याच्या दारात उभी होते. ती मावशीशेजारी उभी होती. हातात पिशवी नव्हती.

"चढ न, माय. एकच मिनिट थांबते."

"मी नाई येत."

"कावून?"

"उद्या गाडी नसली तं? पुन्हा किती वर्सं हिचं छत पाहू मी?"

"मग परत कशी येशील?"

"ते तुमची समिती पायन. मी तं इथंच हाओ." मावशीने तिचा हात धरला होता, दोन्ही हातांनी, शाळेच्या पोरीसारखा. "जाय तू. भाजीत मीठ टाकायचं विसरत जाऊ नको."

गाडीच्या गार्डने शिट्टी वाजवली. गाडी हलली. आमच्या गार्डसाहेबांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडून विचारलं, "म्हणजे आता आमाले गाडी आणावीच लागन?"

"लागनच!" दोघी एकदम म्हणाल्या.

सगळा डबा खिडक्यांशी आला. हात हलवत, ओरडत, कोणी जय भीम म्हणत, कोणी आईला सूचना देत. माझ्याकडे तिचं परतीचं तिकीट राहिलं होतं. ते मी टीटीला दाखवलं. त्याने ते घेतलं, पाहिलं, आणि म्हणाला, "ये सवारी कहाँ है?"  सगळे हसत होते.

रात्री घरात आम्हाला मीठ सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवर पत्रक आलं. पुढील आदेशापर्यंत गाडी नियमित धावेल. मी ते दोनदा वाचलं, तारीख तपासली, स्टेशनमास्तरांना फोन करून खात्री केली, आणि मग आईला फोन लावला.

"गाडी चालू राहिली. पुढचा आदेश येईपर्यंत."

तिने फोनवर हात न ठेवताच मावशीला ओरडून सांगितलं. पलीकडे कढईत काहीतरी तळत होतं, आणि ते कुणीतरी करपू दिलं.

"मग संध्याकाळच्या गाडीनं ये," मी म्हणाले.

"आता कायची घाई?" आई म्हणाली.

ती नवव्या दिवशी आली. मी स्टेशनवर गेले होते. आई उतरली आणि तिच्यामागून मावशी उतरली. दोघींच्या मिळून पाच पिशव्या होत्या. कोणती कोणाची, यावर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत त्यांचं एकमत झालं नव्हतं.